पाडव्याला घेतलेला फ्रिज, आणि दुकानदार नवऱ्याचाच दोस्त

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या ताईंनी लिहिलंय. गुढीपाडव्याला राजारामपुरीतल्या एका दुकानातून ३४,५०० रुपयांचा डबल डोअर फ्रिज घेतला, ८,००० रोख आणि बाकीचे २,६५० रुपयांचे दहा हप्ते. हप्ते धाकट्या दिराच्या कार्डावर केले म्हणून बिलपण दिराच्याच नावावर. दुकानदार म्हणजे नवऱ्याचे तालमीतले जुने दोस्त, भिशीतही दोघं एकत्र. बाराव्या दिवशी खालच्या कप्प्यातलं दूध फाटलं, तेव्हापासून तीन वेळा टेक्निशियन येऊन गेला. पहिल्यांदा गॅस भरला, दुसऱ्यांदा सेन्सर बदलला, तिसऱ्यांदा परत गॅस भरला. दरवेळी आठ-दहा दिवस बरं चालतं की पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटर म्हणतंय वॉरंटीत रिपेअरच मिळतं, बदलून मिळत नाही. दुकानदार म्हणतात, "वहिनी, आम्ही फक्त विकतो, पुढचं कंपनीचं." बिलाच्या खाली छापलंय, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. नवरा म्हणतो सोडून दे, माझे संबंध बिघडतील. ताई घरातून सहा विद्यार्थ्यांना डबे देतात, त्यामुळं कंपनी हे कारण पुढं करेल अशी भीती आहे. स्टॅबिलायझर लावलेला नाही, खोका भंगारवाल्याला दिलाय. त्या लिहितात, "आता त्या दुकानदारांची बायको रंकाळ्यावर दिसली तरी मी वाट बदलतो." हप्ते थांबवावेत किंवा व्हिडिओ करून टाकावा असं त्यांच्या मनात आहे. प्रश्न दोन: माझंच काही चुकलंय का, आणि नवीन फ्रिज मागायचा हक्क मला आहे का? येत्या गुरुवारी टेक्निशियन चौथ्यांदा येणार आहे.

ताई, पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या पत्रात फ्रिजबद्दल थोडं आहे आणि माणसांबद्दल जास्त. ते साहजिकच आहे, पेठेत राहायचं म्हटल्यावर दुकानदार हा नुसता दुकानदार नसतोच, तो कुणाचा तरी दोस्त, कुणाचा तरी भाऊ, कुणाच्या तरी लग्नात पंगतीला वाढलेला असतो. पण त्यामुळंच तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसलीय, एक म्हणजे बिघडलेली वस्तू आणि दुसरी म्हणजे दोस्ती. ही गाठ आधी सोडवू, मग कायद्याकडं येऊ.

पण त्याच्याही आधी तुमचा पहिला प्रश्न, माझंच काही चुकलंय का. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसतो आणि तो बहुतेक बायकांच्या पत्रात असतो हे बघून वाईट वाटतं. तीस-पस्तीस हजाराची वस्तू बारा दिवसात बंद पडते आणि घरातली बाई म्हणते मी दार जास्त वेळा उघडलं असेल. बरं, तपासून बघूया ना, मनात शंका ठेवून भांडायला जाण्यापेक्षा ती आधीच मिटवलेली बरी. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलाय का, मागं आणि बाजूला किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं तेवढी सोडलीय का. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज निघून आला तर तिथून गारवा बाहेर जातोय. गरम भात, गरम दूध थेट आत जातं का. आणि स्टॅबिलायझरचं म्हणाल तर आजकालचे बरेच इन्व्हर्टर फ्रिज स्टॅबिलायझरशिवाय चालतात असं कंपनीच जाहिरातीत सांगते, किती व्होल्टेजपासून किती व्होल्टेजपर्यंत ते तुमच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असेल. उद्या टेक्निशियन म्हणाला की वहिनी व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, तर त्याला शांतपणे सांगा की मीटर लावा आणि आकडा जॉब शीटवर, म्हणजे तुमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहा. आकडा लिहिला तर खरंच काहीतरी कळेल, आणि नाही लिहिला तर ते कारण पुढं टिकत नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला मात्र सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती म्हणजे गॅस दोनदा भरला. ताई, फ्रिजमधला गॅस संपत नसतो, तो गळतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो जळून जात नाही, बंद नळ्यांमध्ये तोच तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. नवीन फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तोही अगदी थोडा, शंभर ग्रॅमच्याही आत, किती ते फ्रिजवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. म्हणजे जरा जरी गळती असली तरी काही दिवसांत गारवा जाणार, जे तुमच्याकडं होतंय. गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. आणि हा गॅस पेट घेणारा आहे, त्यामुळं रिपेअर करताना खिडक्या उघड्या ठेवा, गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा बंद ठेवा, हे मी उगाच घाबरवायला म्हणून सांगत नाही.

तर गुरुवारी तो आला की एकच प्रश्न विचारा: गळती कुठं आहे? ती बाहेरच्या जोडावर असेल, जिथं हात पोचतो, तर नीट जोड देऊन, तपासून, पुन्हा गॅस भरला की फ्रिज चांगला चालू शकतो, आणि मग रिपेअर घेण्यात काही कमीपणा नाही. पण गळती आतल्या बाजूला, फोमच्या भिंतीत गेलेल्या नळीत असेल तर ती नीट दुरुस्त होणं फार अवघड असतं, आणि अशा वेळी फ्रिज बदलून मागणं पूर्णपणे रास्त आहे. म्हणजे "नवीन पाहिजे" की "रिपेअर चालेल" हे रागावर ठरवू नका, गळतीच्या जागेवर ठरवा. हे सर्व्हिस सेंटरला विचारलं की तेही जरा सरळ बोलायला लागतात, कारण समोरच्या बाईला कळतंय हे त्यांना समजतं.

आता हक्काचं. "वॉरंटीत रिपेअरच मिळतं" हे वाक्य अर्धं खरं आहे. वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनीनं स्वतःहून दिलेलं वचन, त्यात काय मिळेल हे कंपनी ठरवते. पण त्या कार्डाच्या वर देशाचा कायदा आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २०२० च्या जुलैपासून लागू झाला, त्याच्या आधी १९८६ चा होता. या कायद्यानं ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या संस्थेला, अधिकार दिलाय की माल सदोष निघाला तर दोष काढून द्या, किंवा बदलून द्या, किंवा पैसे व्याजासकट परत द्या, आणि वर झालेल्या नुकसानाची भरपाई द्या असा आदेश देता येतो. म्हणजे बदलून मिळणं किंवा पैसे परत मिळणं हे कुणाची मेहरबानी नाही. पण उलट बाजूही सांगायला हवी, एकदा बिघडला की आपोआप नवीन मिळतो असंही नाहीये. आयोग बघतो की दोष मुळातला आहे का, कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी दिली का, आणि दुरुस्ती करूनही तोच दोष परत येतोय का. तुमच्या बाबतीत बाराव्या दिवशी दोष, तीन दुरुस्त्या, आणि दरवेळी तोच दोष. माझ्या मते तुमची बाजू मजबूत आहे, फक्त ती अजून कागदावर आलेली नाही.

आणि बिलाच्या खाली छापलेली ती ओळ, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ आपल्याकडं महाद्वार रोडपासून शाहूपुरीपर्यंत कितीतरी बिलांवर दिसते आणि लोक ती वाचून निमूट परत फिरतात. साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, अशा वेळी दुकानदार नाही म्हणू शकतो. पण माल सदोष असेल तर गोष्ट वेगळी. कायदा म्हणतो की बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही बाराव्या दिवशी दुकानदारांना व्हॉट्सॲपवर फाटलेल्या दुधाचा फोटो पाठवला होता असं पत्रात आहे, आणि खाली त्यांचं उत्तर "बघतो वहिनी" असं. ताई, तो फोटो आणि ते उत्तर जपून ठेवा, डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून दिरालाही पाठवून ठेवा. तीस दिवसांच्या आत तुम्ही कळवलं होतं याचा तो पुरावा आहे.

"आम्ही फक्त विकतो" हे तर अजिबातच बरोबर नाही. पैसे त्यांनी घेतले, बिल त्यांच्या दुकानाचं आहे, जीएसटी नंबर त्यांचा आहे. तक्रार करायची वेळ आली तर विक्रेता आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करायचं असतं, एकालाच केलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि तुम्ही मधे लटकता.

बिल दिराच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. ज्यानं विकत घेतलं त्याच्या संमतीनं वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्यानं ग्राहकच असते. तरी सोपं म्हणून अर्जावर दिराचीही सही घ्या, उगाच फाटे फुटायला नकोत. खोका दिलात, दिलात, कायद्यात खोक्याची अट कुठं नाही. डब्यांचं मात्र लपवू नका. व्यापारासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही हे खरं आहे, पण स्वतःच्या कष्टानं पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी वापरलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, म्हणजे तसा माणूस ग्राहकच राहतो. आणि तुमचा तर घरचाच फ्रिज आहे, घरच्या सात माणसांच्या जोडीनं सहा डब्यांची भाजी त्यात राहते. वॉरंटी कार्डावर कमर्शियल वापराबद्दल काय लिहिलंय तेवढं वाचून ठेवा, म्हणजे कुणी काढलं तर तुम्ही अडखळणार नाही.

आता ती गाठ. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तालमीतली दोस्ती ही वीस-वीस वर्षांची असते, अडीअडचणीला रात्री दोन वाजता हीच माणसं गाडी काढतात, फ्रिजपायी ती तुटावी असं कुणालाच वाटणार नाही. पण त्यांना एक विचारा, सध्या संबंध चांगले आहेत का? तुम्ही रंकाळ्यावर वाट बदलताय, मिस्टर भिशीला गेले की तो विषय टाळतायत, दुकानदारांनाही आतून माहीत आहे की वहिनी नाराज आहेत. म्हणजे तक्रार न करताच संबंध बिघडायला लागलेत. मला वाटतं तक्रार म्हणजे भांडण हे आपण धरून चाललोय तिथंच चूक होतेय. भांडणात आवाज चढतो, जुनं काढलं जातं, तुझ्या लग्नात मी असं केलं नि तसं केलं. तक्रारीत तारीख असते, कंप्लेंट नंबर असतो आणि काय पाहिजे ते एका ओळीत असतं. कागदावर लिहिलेली तक्रार तोंडी कुरबुरीपेक्षा दोस्तीला कमी दुखावते, हा माझा अनुभव आहे.

आणि एक बाजू तुमच्या मिस्टरांच्या लक्षात आली नसेल, दुकानदार हे तुमच्या बाजूचे साक्षीदार होऊ शकतात. डीलरकडं कंपनीच्या एरिया मॅनेजरचा नंबर असतो, महिन्याला इतके फ्रिज उचलतो म्हणून त्याच्या शब्दाला तिथं वजन असतं, तुम्ही कस्टमर केअरला दहा फोन करून जे होत नाही ते डीलरच्या एका मेलनं होतं. त्यामुळं "तुम्ही मला फसवलं" म्हणत जाऊ नका, "भाऊजी, तुमच्या दुकानातून कंपनीला लेखी द्या की या ग्राहकाचा फ्रिज तीनदा रिपेअर होऊनही चालत नाही, बदलून द्या" असं म्हणत जा. जमलं तर मिस्टरांनाच बरोबर न्या, भिशीच्या दिवशी मात्र नको, दुकानात, दुपारी गर्दी नसताना. त्यांनी मेल केला तर दोस्ती राहिली आणि कामही झालं. नाही केला तर निदान कळलं की हा विषय दोस्तीनं सुटणार नाही, मग पुढं जाताना मनात अपराधीपणा राहणार नाही.

जाताना हातात अर्ज असू दे, आणि दोन प्रती असू देत, एकीवर त्यांची पोच घ्यायची, शिक्का, सही, तारीख. पोच द्यायला नको म्हणाले तर रागवू नका, घरी येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टानं दुकानाच्या आणि कंपनीच्या पत्त्यावर पाठवा, शिवाय ईमेल करा. अर्ज असा साधा चालतो: "मी अमुक तारखेला, बिल क्रमांक अमुक, सिरीयल नंबर अमुक असलेला फ्रिज आपल्याकडून ३४,५०० रुपयांना घेतला. बाराव्या दिवसापासून खालच्या कप्प्यात गारवा येत नाही. अमुक, अमुक आणि अमुक तारखेला दुरुस्ती झाली, जॉब शीट जोडल्या आहेत. दोनदा गॅस भरूनही गळतीचं कारण दिलेलं नाही. दोष मुळातला असल्याने फ्रिज १५ दिवसांत बदलून द्यावा, शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी." एवढंच. आईच्या आजारपणाचं, उन्हाचं, मनस्तापाचं चार पानं लिहू नका, ते सगळं खरं असलं तरी वाचणारा पहिल्या पानावरच थांबतो.

जॉब शीटवरून आठवलं. टेक्निशियन काम झालं की फोनवर आलेला एक कोड मागतात, काही कंपन्यांत त्याला हॅपी कोड म्हणतात. तो कोड दिला की कंपनीच्या कॉम्प्युटरवर तुमची तक्रार "समाधानकारक बंद" अशी पडते. तुम्ही तीनही वेळा लगेच दिलात, बिचारा उन्हातून आलाय, त्याला पुढच्या घरी जायचंय म्हणून. माणुसकी म्हणून ठीक आहे, पण कंपनीच्या नोंदीत आज तुम्ही तीन वेळा खूश झालेल्या ग्राहक आहात. यावेळी सरबत द्या, पाणी द्या, पण कोड देऊ नका, सांगा की एक रात्र चालवून बघते आणि उद्या देते. आणि आधीच्या तिन्ही जॉब शीटच्या प्रती सर्व्हिस सेंटरकडं ईमेलनं मागा, त्यावर नुसतं "ओके" लिहिलंय की गॅस भरल्याचं लिहिलंय ते बघा.

हप्ते थांबवायचं मात्र डोक्यातून काढा. कर्ज हा फायनान्स कंपनीशी वेगळा करार आहे, फ्रिज चालो न चालो तो चालू राहतो. हप्ता बाउन्स झाला की दंड बसेल, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज कसं फेडलं याचे गुण, खराब होईल, आणि तो तुमचा नाही, दिराचा खराब होईल, ज्यानं तुमच्यासाठी कार्ड दिलं त्याचा. उद्या त्याला घरासाठी कर्ज काढायचं असेल तर? उलट हप्ते वेळेवर भरलेले असले की आयोगापुढं तुम्ही सरळ उभ्या राहता. पैसे परत मिळायचे ठरले तर कर्जखातं बंद झाल्याचं पत्र फायनान्सकडून घ्या, नाहीतर फ्रिज परत जातो आणि हप्ता चालूच राहतो. व्हिडिओचंही तसंच, रागात केलेल्या व्हिडिओत एखादा शब्द जास्त जातो आणि मग बदनामीचा मुद्दा निघून तुम्हीच आरोपीच्या जागी जाता. पेठेत तर असला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचतो, परत घेता येत नाही.

पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, फोन फुकट आहे. व्हॉट्सॲप ८८००००१९१५ वर पण तक्रार नोंदवता येते. ती कंपनीकडं तक्रार पाठवते, पाठपुरावा करते, बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथं जोडलेल्या आहेत म्हणून उत्तर येतं. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही हे लक्षात ठेवा, ती मध्यस्थ आहे. तिथून मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा.

आणि तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, आपला कोल्हापूरचा. नाव ऐकून कोर्टाच्या पायऱ्या डोळ्यापुढं येतात हे मला माहीत आहे, आणि आपल्याकडं शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण ही जागा मुद्दाम वेगळी केलेली आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारी जिल्हा आयोगात चालतात, ५ लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी शून्य आहे, वकील लावायची सक्ती नाही, तुम्ही स्वतः उभं राहून बोलू शकता. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला, त्यांनी इथं यायचं. ऑनलाइन करायची तर २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. मुदत दोष दिसल्यापासून दोन वर्षं, त्यामुळं घाई नाही, पण दोन वर्षं आहेत म्हणून झोपून राहण्यातही अर्थ नाही, तोवर वॉरंटीचं वर्ष निघून जातं. दोष मुळातला आहे की नाही यावर वाद झाला तर आयोग वस्तू तपासायला प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, हे मनाशी धरूनच पाऊल उचला. मधे आयोग दोघांना मध्यस्थीसाठीही विचारतो, आणि तुमच्या प्रकरणात, समोर ओळखीचा माणूस असताना, मध्यस्थी हा मला चांगला रस्ता वाटतो, तिथं टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलता येतं. आदेश झाल्यावर कंपनीनं पाळला नाही तर किमान २५,००० दंड किंवा एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, म्हणजे आदेश नुसता कागद राहत नाही.

मागताना रास्त मागा. फ्रिजची किंमत किंवा बदली, वाया गेलेलं दूध-भाजी, आणि त्रासाची थोडी भरपाई. पाच लाख मानसिक त्रासाचे असं कुणीतरी सुचवेल, सुचवणाऱ्याचं काही जात नाही, पण असा आकडा बघून तुमच्या खऱ्या तक्रारीचं वजन कमी होतं.

ही पत्रं वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी इथंच सांगून टाकते. आमच्या घरी वडिलांनी बरीच वर्षांपूर्वी पाण्याची मोटर घेतली होती, सात महिन्यात जळाली, बिल काढून बघितलं तर कोरा पांढरा कागद, थर्मल प्रिंटची शाई उडून गेली होती. दुकानदार म्हणाला बिल आणा. वडील तो पांढरा कागद हातात धरून उभे राहिलेले मला अजून दिसतात, त्यांना खोटं पाडल्यासारखं वाटलं होतं, मोटरीच्या पैशापेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडं बिल घरी आलं की आधी झेरॉक्स किंवा फोटो, मग पेढे. बिलाशिवाय घ्या, १८ टक्के जीएसटी वाचेल असं सांगणारे भेटतात, फ्रिज-वॉशिंग मशीनला तेवढा कर आहे हे खरं, पण त्या वाचलेल्या पैशात तुमचा सगळा पुरावा विकला जातो. "कंप्रेसरला दहा वर्षं वॉरंटी" म्हणजे फक्त कंप्रेसरला, गॅस, नळ्या, सेन्सर, मजुरी त्यात नसते, बहुतेक ठिकाणी बाकीच्याला एकच वर्ष असतं. आणि ऑनलाइन मागवलं असेल तर त्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावंच लागतं, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायची असा २०२० चा नियम आहे, लोक चॅटवरच्या मशीनशीच बोलत बसतात आणि त्या अधिकाऱ्याला लिहीतच नाहीत.

बाहेरचा ओळखीचा मेकॅनिक बोलावून फ्रिज उघडायचा विचार असेल तर ताई, तो करू नका. एकदा बाहेरच्यानं स्क्रू काढला की कंपनी वॉरंटी संपली म्हणते आणि मग दोष कुणाचा हे सिद्ध करत बसावं लागतं. बघायला बोलवा, उघडायला नको.

कंपनी बदलून द्यायला तयार झाली तर तेव्हाही ते फोनवर मान्य करून टाकू नका. तेच मॉडेल देणार की दुसरं, फरकाचे पैसे कोण भरणार, आणि नवीन फ्रिजची वॉरंटी आजपासून की पाडव्यापासून, हे तिन्ही ईमेलवर लिहून मागा. जुना फ्रिज नेताना पावती घ्या.

आता गुरुवारपर्यंतचं काम. मेडिकलवाल्याकडं किंवा भांड्याच्या दुकानात फ्रिजचा साधा थर्मामीटर मिळतो, दोनशे-तीनशे रुपयांत होईल. मधल्या कप्प्यात पाण्यानं भरलेल्या ग्लासात तो ठेवून रात्रभर दार बंद ठेवा, सकाळी दार उघडल्या उघडल्या फोटो काढा. फ्रिजमध्ये पाच अंशांच्या आत असायला पाहिजे, फ्रीझरमध्ये उणे अठराच्या आसपास. बुधवारी रात्री ठेवून गुरुवारी सकाळी एक फोटो, टेक्निशियन आल्यावर त्याच्यासमोर एक, आणि तो आकडा जॉब शीटवर त्याच्याच हातानं लिहून घ्या. तोवर डब्यांसाठी दूध रोज सकाळी ताजंच आणा, आणि शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये एक कप्पा मागून घ्या, त्या नाही म्हणणार नाहीत.